जळगावचा नकाशा-जीपीएस मेळावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवर, फोनवर आणि चहाच्या टपरीवर तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. सुरुवातीचे सोपे आहेत. खाली खाली जाल तसे किचकट होत जातात. पहिल्यांदा येणाऱ्याने जेवणाच्या प्रश्नापर्यंत वाचलं तरी पुरे.

हा मेळावा नेमका कशाचा आहे?

जागा, नकाशे, जीपीएस आणि त्यावर चालणारी ॲप यांचा नाद असलेल्या खान्देशातल्या लोकांचा. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून लोक येतात. सकाळी गटागटाने चालत जाऊन नोंदी घ्यायच्या, दुपारी एकत्र बसून त्या नकाशावर चढवायच्या आणि अडलेलं एकमेकांना विचारायचं. स्टेज नाही, सत्कार नाही, नारळ फोडणं नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त कोणी सलग बोलायला लागलं की आम्ही चहा मागवतो.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. आलो तर चालेल का?

चालेल काय, तुम्हीच हवे आहात. ॲप शिकायला अर्धा तास लागतो. कोणत्या पांदीतून पावसाळ्यात गाडी जात नाही, कोणता हातपंप सुरू आहे, शाळेचं फाटक कोणत्या बाजूला आहे, हे शिकायला त्या गावात राहावं लागतं. मागे आमच्याकडे दुधाची गाडी चालवणारे एक काका आले होते. फोनवर बोट कसं फिरवायचं इथपासून त्यांची सुरुवात होती, पण दुपारपर्यंत त्यांनी एका तालुक्यातल्या नऊ रस्त्यांच्या चुका सांगितल्या. त्यातल्या दोन रस्त्यांवरचे फरशीपूल वाहून गेले होते आणि नकाशा अजून त्यावरून खुशाल गाड्या नेत होता.

सोबत काय आणायचं?

फोन, चार्जर, जमल्यास पॉवर बँक, टोपी, पाणी आणि कागद-पेन. कागदाला हसू नका. उन्हात स्क्रीन दिसत नाही तेव्हा तोच कामी येतो.

याशिवाय एक गोष्ट सक्तीची आहे. तुमच्या भागातली एक अशी जागा मनात घेऊन या, जी नकाशावर चुकीची आहे किंवा नाहीच. पाण्याची टाकी असो, मरीआईचं देऊळ असो की बस थांब्याची शेड. रिकाम्या हाताने आलेला माणूस दुपारी झोपतो, हा अनुभव आहे.

नकाशे घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स, कोणतंही ॲप चालेल.

महागडं जीपीएस यंत्र घ्यावं लागेल का? आणि आपलं ‘नाविक’ फोनवर येतं का?

यंत्र घेऊ नका, फोन पुरतो. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच फोनमध्ये एकाऐवजी दोन लहरींवर संकेत घेण्याची सोय आहे, एल-१ आणि एल-५. दोन लहरी पकडणारा फोन इमारतींच्या गर्दीत कमी गोंधळतो. नवा फोन घेणारच असाल तर दुकानात एवढंच विचारा. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल दुकानदार न विचारता सांगेलच.

नाविक ही इस्रोची स्वतःची उपग्रह यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस या लहरींवर बोलत, त्यामुळे साध्या फोनला ते ऐकूच येत नसत. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल-१ची भर पडली आणि आपल्याकडे बनवलेलं अणुघड्याळही वर गेलं. तुमचा फोन नाविक पकडतो का हे पाहायचं असेल तर ‘जीपीएसटेस्ट’ हे मोफत ॲप उघडून मोकळ्या मैदानात उभे राहा. कोणत्या देशाचे किती उपग्रह दिसतात ते झेंड्यांसकट दाखवतं. पोरं यात अर्धा तास सहज घालवतात.

मेळावा हिवाळ्यातच का?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन पंचेचाळीसच्या वर जातं. फोन तापून बंद पडतो आणि त्याच्या आधी माणूस. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतते आणि नोंद घ्यायची तेवढी राहते. शिवाय हिवाळ्यात वांगी असतात. पुढचा प्रश्न त्याचाच.

जेवणाचं काय? लहान मुलांना आणलं तर?

भरीत, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. वांगी बामणोदकडची, तुरकाठ्यांवर भाजलेली. खर्च सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा, वेगळी फी नाही. तिखट न खाणाऱ्यांनी आधी सांगावं, नंतर तक्रार चालणार नाही. मुलांना जरूर आणा. मेहरूण तलावाभोवतीच्या सकाळच्या फेरीत बाक, झाडं आणि दिवे मोजायचं काम त्यांच्याइतकं चोख कोणी करत नाही. महिलांचा वेगळा गट हवा असेल तर तोही होतो, एकत्र यायचं असेल तर तसं.

इंटरनेट नसेल तर जीपीएस चालतं का? धडगावकडे रेंजच नसते.

चालतं. हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत एवढंच सांगत असतात की, मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. तुमचा फोन ते फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. संकेत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. किमान चार उपग्रहांची अंतरं जुळली की जागा ठरते. तीन जागेसाठी आणि चौथा तुमच्या फोनच्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं, म्हणून हा चौथा लागतो. यात टॉवरचा कुठेच संबंध नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकूनही जागा दिसते.

मग रेंज नसताना अडतं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे नकाशाचं चित्र इंटरनेटवरून येतं. ते आधी उतरवलं नसेल तर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसतो. दुसरं, उपग्रह आत्ता कुठे आहेत ही माहिती फोनला एरवी इंटरनेटवरून झटकन मिळते. रेंज नसेल तर ती उपग्रहाकडूनच उतरवावी लागते आणि त्यासाठी प्रत्येक उपग्रहाचा संकेत तीसेक सेकंद सलग मिळायला हवा. दरीत उभं राहून फोन खिशात ठेवलात तर मिळणार नाही. तोरणमाळच्या घाटात शिरण्याआधी मोकळ्यावर गाडी थांबवा, फोन हातात आभाळाकडे धरा आणि दोन मिनिटं धीर धरा.

फोन दाखवतो ती जागा किती अचूक असते?

मोकळ्या शेतात, आभाळ स्वच्छ दिसत असताना, तीन ते पाच मीटर. बाजारपेठेच्या गल्लीत दहा-पंधरा सहज. संकेत भिंतींवर आपटून उशिरा येतो आणि फोनला वाटतं आपण लांब आहोत.

आपल्याकडची खास अडचण केळीची. रावेर-यावल पट्ट्यात वाढलेल्या केळीच्या बागेत शिरून बघा. वर पानांचं छत, पानांत ठासून पाणी आणि हे संकेत पाण्याला फार लवकर दबतात. सरळ सरीतून चालत गेलो तरी पडद्यावरची रेघ दारू प्यायल्यासारखी डुलते. शेजारच्या बागेत जाऊन येते, मध्येच मागे उडी मारते. त्यामुळे केळीत आम्ही रेघ काढत नाही. बागेच्या चारी कोपऱ्यांना बाहेर उभं राहून एकेक मिनिट थांबतो आणि ठिपके घेतो.

२ मे २००० पूर्वी अमेरिका सामान्यांसाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. तेव्हा शंभर मीटरपर्यंतची चूक चालवून घ्यावी लागे. तेव्हाच्या मानाने आपण चैनीत आहोत.

मोबाइलवर माझं शेत मोजता येईल का? बांधाचा वाद आहे.

अंदाजासाठी येईल, वादासाठी नाही. दर मेळाव्यात कोणी ना कोणी सातबारा खिशात घालून येतं, म्हणून स्पष्टच लिहितो.

हिशोब करून बघा. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. चौकोनी धरलं तर एक बाजू ६३-६४ मीटर. फोनच्या चुकीने एका बाजूची रेघ चार मीटर आत सरकली की २५० चौरस मीटर गेले, म्हणजे अडीच गुंठे. खान्देशात अर्ध्या गुंठ्यावरून भावाभावांचं बोलणं बंद होतं. तिथे अडीच गुंठ्यांची चूक घेऊन जाल तर आगीत तेल ओतल्यासारखं होईल.

ठिबकच्या नळ्या किती लागतील, फवारणीला किती पंप, यासाठी फोनची मोजणी उत्तम. हद्दीसाठी मात्र भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज हाच रस्ता. तिथले भूकरमापक हल्ली रोव्हर नावाचं यंत्र वापरतात. तेही उपग्रहावरच चालतं, पण सर्वे ऑफ इंडियाच्या कायम बसवलेल्या स्थानकांकडून त्याला दुरुस्ती मिळत राहते आणि चूक काही सेंटिमीटरवर येते. सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गटाची आकृती दिसते, पण ती पाहण्यापुरती, तिच्यावरून खांब रोवू नका. आमच्या मेळाव्यात कोणीही कोणाच्या बांधाचा निवाडा करत नाही. नातेवाईक असला तरी.

गूगलवर सगळं आहेच, मग दुसरा नकाशा कशाला भरायचा?

सगळं नाही. अक्कलकुव्याकडचे पाडे बघा. नकाशावर एका गावाचं नाव आणि प्रत्यक्षात डोंगराच्या सोंडांवर पसरलेले सात-आठ पाडे. रुग्णवाहिकेला ‘गाव’ सापडतं, रुग्ण ज्या पाड्यावर आहे तो सापडत नाही. दुकान नसलेल्या जागेत कंपन्यांना रस कमी, हे समजण्यासारखं आहे. पण मग ते काम आपल्याला करावं लागतं.

आम्ही मुख्यतः ओपनस्ट्रीटमॅपवर भरतो. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, कोणीही दुरुस्त करू शकेल असा हा नकाशा आहे. त्यातली मूळ माहिती कोणीही उतरवून वापरू शकतं, अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि माहितीत भर घातली तर तीही खुली ठेवायची. नवख्यांसाठी स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप बरं. रस्ता डांबरी की कच्चा, दुकानाची वेळ काय, असे प्रश्न ते विचारतं आणि तुम्ही जाग्यावर उभं राहून उत्तर देता.

मग गूगलवर बघून तेच इकडे टाकलं तर?

नाही. तिथली माहिती त्यांच्या मालकीची आहे. तिथून उचललेली नोंद आमच्या लक्षात आली तर आम्ही ती काढून टाकतो, मग टाकणारा कितीही उत्साही असो. डोळ्यांनी पाहिलेलं किंवा गावात विचारलेलं लिहा.

गावाचं नाव कसं लिहायचं? मराठीत, इंग्रजीत की अहिराणीत?

तिन्ही लिहा, प्रत्येक भाषेला वेगळा रकाना आहे. पाटीवर जसं असेल तसं मुख्य रकान्यात, मराठी मराठीच्या रकान्यात. अहिराणीलाही भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे, ए-एच-आर. त्यामुळे बोलीतलं नाव टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. पावरी, भिली बोलणाऱ्या भागात पाड्याचं नाव तिथल्याच माणसाकडून दोनदा म्हणवून घ्या, आपल्या कानाला ते पहिल्यांदा नीट ऐकू येत नाही.

खुर्द आणि बुद्रुक कधीही गाळू नका. माझ्या मावसभावाने ठिबकच्या नळ्यांनी भरलेला टेम्पो खुर्दऐवजी बुद्रुकला नेला, कारण नकाशावर दोन्हीकडे नुसतं मूळ नाव होतं. मध्ये नदी. समोरच्या काठावर माल मागवणारा शेतकरी हात हलवताना दिसत होता आणि पुलाला ११ किलोमीटरचा वळसा. मावसभावाने कोणालातरी विचारलं तर म्हातारबा म्हणाले, “आठेच शे, निंबना मांगे.” म्हणजे इथेच आहे, निंबाच्या मागे. निंब खरंच होतं. पल्याड.

नाव बदललं असेल तर जुनं पुसू नका, ‘जुनं नाव’ या रकान्यात ठेवा. मुक्ताईनगरला अजून एदलाबाद म्हणणारे आहेत आणि जुन्या कागदांवरही तेच आहे. जळगाव शोधताना बुलढाण्यातलं जळगाव जामोद समोर येतं, म्हणून जिल्ह्याची नोंदही बघून घ्या.

आकडे टाकले की जागा भलत्याच समुद्रात जाते. का?

अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. जळगाव साधारण २१.०१ उत्तर, ७५.५६ पूर्व. उलटे टाकले तर ७५.५६ उत्तर, २१.०१ पूर्व, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला, गोठवणाऱ्या समुद्रात. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, पण काही फाइलींमध्ये रेखांश आधी लागतो. खान्देशापुरता नियम सोपा आहे. वीस-एकवीस-बावीसच्या घरातला आकडा अक्षांश, त्र्याहत्तर ते शहात्तरच्या घरातला रेखांश.

दशांशानंतर पाच आकडे पुरतात, पाचवा आकडा म्हणजे सुमारे एक मीटर. फोन आठ-आठ आकडे दाखवतो, पण ती नुसती शोभा आहे. अचूकता किती ते वरच्या उत्तरात आहेच.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका एकराचं क्षेत्रफळ ०.००००००३५ येतंय. माझं काय चुकलं?

तुम्ही चौरस अंशांत मोजताय. थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात बदलून घ्या, संकेतांक ३२६४३. आख्खा खान्देश याच पट्ट्यात बसतो, त्यामुळे एकदा पाठ केला की झालं.

फोन जळगावची उंची दीडशे मीटर दाखवतो, पाटीवर दोनशेच्या वर. खरं कोणाचं?

पाटीचं. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत अंड्यापासून. समुद्रसपाटी तशी गुळगुळीत नाही आणि आपल्या भागात ती त्या अंड्याच्या पन्नास मीटरांहून जास्त खाली आहे. काही ॲप हा फरक दुरुस्त करून दाखवतात, काही नाही. दोन फोन शेजारी धरून भांडणारे मित्र दरवर्षी दिसतात. दोघांचेही फोन ठीक असतात.

जुन्या टोपोशीटवरचा रस्ता आजच्या नकाशावर शेतातून जातो. रस्ता हलला का?

कधी कधी खरंच हलतो, नदीकाठी तर हमखास. पण सगळ्याच गोष्टी एकाच दिशेने सारख्या सरकल्या असतील तर दोष मापाचा आहे. जुने सर्वेक्षण नकाशे, म्हणजेच टोपोशीट, सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या मापावर बांधलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक मापावर. दोन अंडी थोडी वेगळी आहेत. वर उंचीच्या उत्तरात आलेलं अंडं ते हेच. स्कॅन केलेली टोपोशीट घेऊन या, आम्ही रूपांतर बसवून देऊ. आम्हाला त्यात मजा येते.

डिजिपिन आल्यावर या सगळ्याची गरज काय?

डिजिपिन हा डाक खात्याने २०२५ साली आणलेला दहा अक्षरी संकेत. देशाचे साधारण चार बाय चार मीटरचे चौकोन आणि प्रत्येकाला एक संकेत. ४२५००१ सांगितलं तर जळगावचा मोठा तुकडा कळतो, डिजिपिन सांगितला तर ओटा कळतो. उपयोगी आहे, वापरा. पण तिथवर रस्ता जातो का, मध्ये नाला आहे का, पाड्याचं नाव काय, हे त्यात नसतं.

ड्रोन आणू का?

नको. शहराला विमानतळ आहे आणि उड्डाणाचे झोन बघूनच ड्रोन उडवता येतो. नोंदणी, परवानगी हे सगळं सांभाळत बसलो तर दिवस त्यातच जातो.

हे नकाशे काढणं कायदेशीर आहे ना? भुसावळ-वरणगावकडे संरक्षण खात्याच्या जागा आहेत.

१५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने नवे नियम काढले. तेव्हापासून भारतीय व्यक्तीला आणि संस्थेला नकाशासाठी माहिती गोळा करायला आधी परवानगी लागत नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. संवेदनशील म्हणून वगळलेल्या गोष्टी नकाशावर नावानिशी दाखवायच्या नाहीत. आणि एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेची माहिती भारताबाहेर ठेवायची नाही. फोनच्या नोंदी त्या बारीकपणाच्या जवळपासही जात नाहीत.

आमचा स्वतःचा नियम याहून कडक आहे. आयुधनिर्माणीच्या भिंतीच्या आसपास आमचा गट नोंदी घ्यायला जात नाही, फोटो काढत नाही. रेल्वे यार्डातही नाही. कायदा काय म्हणतो यावर फाटकावरच्या जवानाशी वाद घालायची आमची इच्छा नाही.

परदेशातल्या भावाने उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र दिलंय. ट्रेकला आणू?

घरीच ठेवा. नुसता संकेत ऐकणारं जीपीएस यंत्र चालतं, पण उपग्रहाकडे संदेश पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. दिसायला दोन्ही सारखीच असतात, म्हणून खोक्यावरचं नीट वाचा. विमानतळावर लोकांना यावरून पकडलेलं आहे.

डबे लपवून शोधायचा तो जीपीएसचा खेळ मेळाव्यात असतो का?

असतो, आमच्या पद्धतीने. मुद्दाम मिसळलेली चूक बंद झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ मे २००० ला, अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये एकाने जंगलात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ सुरू झाला. आपल्याकडे स्टेशनजवळ किंवा देवळात बंद डबा ठेवला तर शोधायला बॉम्बशोधक पथक येईल. म्हणून आम्ही डबा ठेवत नाही. आकडे देतो, तिथे पोचून वीरगळावर किती स्वार आहेत किंवा विहिरीला किती पायऱ्या आहेत ते सांगायचं.

माझ्या घराची जागा सगळ्यांना कळेल का?

तुम्ही टाकली तरच. आम्ही रस्ते, शाळा, पाणवठे टाकतो. कोणाच्या घरावर माणसाचं नाव टाकत नाही. चालण्याची रेघ अपलोड करताना पहिले आणि शेवटचे दोनशे मीटर कापा, नाहीतर ती तुमच्या उंबऱ्यापासून सुरू होते आणि ‘हा रोज साडेपाचला घराबाहेर असतो’ हेही सांगते. ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकताना एक तासाचं निवडा, आठ तासांचं नको.

यायला जमत नाही. घरून काही पाठवता येईल का?

येईल. गावाची पाटी, शाळेची पाटी, बस थांबा यांचे फोटो कॅमेऱ्यातलं लोकेशन सुरू ठेवून काढा आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती गळून पडते आणि आमच्या हाती नुसती पाटी उरते. सोबत एक ओळ लिहा : पाटी रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, आणि पाटीवरचं नाव गावात खरंच तसंच म्हणतात का.